किल्लीचं भोक

वाटणीनंतर धाकट्यानं बदामांच्या बागेत मधोमध कुंपण घातलं, फाटकाला कुलूप बसवलं. दोन दिवसांनी कुलूप लावायला गेला, तर किल्लीचं भोक मातीनं लिंपलेलं. "आत रानमाशीची अंडी आहेत," पलीकडून थोरला म्हणाला. "उकरू नकोस. ती फुलांवर फिरते म्हणून बदाम धरतात, तुझेही, माझेही. पुढच्या बहरात पिल्लं उडतील, मग खुशाल लाव." फाटक वर्षभर उघडंच राहिलं. आधी शिडी मागायला जावा आल्या-गेल्या, मग पोरं, शेवटी भाऊही. बहर आला, माश्या उडाल्या, भोक मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी धाकटा किल्ली घेऊन आला, तर भोक पुन्हा लिंपलेलं. ओल्या मातीवर अंगठ्याचा ठसा होता. थोरला हात पाठीमागे लपवून उभा. "दादा, माशी परत आली वाटतं." "मग थांब वर्षभर." किल्ली खिशात टाकून धाकट्यानं बोटानं हळूच ठसा पुसला.