खुंटीवरची जाळी

हबीबनं पॉलिसी तिसऱ्यांदा वाचून दाखवली आणि घडी घालून टेबलावर ठेवली. तरी अनसिंगच्या सहकारी जिनिंगच्या संचालकांचं समाधान झालं नाही.

प्रश्न साधा होता. महिन्याभरापूर्वी, १९७४च्या नोव्हेंबरात, यंत्रात कापूस घालताना लिलाबाईचा उजवा हात फिरत्या रुळात गेला आणि तिची चार बोटं तुटली. रुळावर तारेची जाळी असायला हवी होती. ती नव्हती. कारखान्यांच्या सरकारी तपासनिसानं पाचही संचालकांवर वाशिमच्या कोर्टात खटला भरला. गुन्हा ठरला तर प्रत्येकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड, नाहीतर तीन महिने कैद. संस्था चार वर्षं विम्याचा हप्ता भरत होती. मग वकिलाची फी आणि दंड विमा कंपनीनं का भरू नये, असं अध्यक्ष किसनसिंगांचं म्हणणं होतं.

हबीब अकोल्याहून आलेला कंपनीचा माणूस. तो घाई न करता समजावत होता. लिलाबाईची नुकसानभरपाई कंपनी देणार. त्या भरपाईवरून कज्जा झाला, तर त्यातला वकीलही कंपनीच देणार. पण हा खटला फौजदारी. त्यातला वकील ज्याचा त्यानं लावायचा. आणि दंड तर कोणतीच पॉलिसी भरत नाही.

"काहून नाई?" उपाध्यक्ष जगदेव म्हणाले. "आग लागली त देता. गाठी भिजल्या त देता."

"आग तुमीच लावली त नाई देत, जगदेवभाऊ," हबीब म्हणाला. "दंड म्हंजे सजा. सजेचाबी विमा निघाला, त जाळी कोन लावन?"

किसनसिंगांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी कारकुनाला कोरा कागद घ्यायला सांगितलं. जाळी लिलाबाईनं स्वतःच काढली, असं लिहायचं होतं. कामगारानं काढली असं ठरलं तर संचालक सुटू शकतात, हे त्यांना वाशिमच्या वकिलानं सांगितलं होतं.

हबीबनं हात वर केला. "तसं लिहिलं त तिले एक पैसा भेटनार नाई. कामगारानं जानूनबुजून जाळी काढली, त भरपाई द्या लागत नाई. कायदाच तसा हाये."

भिंतीपलीकडे यंत्रं चालू होती. मग किसनसिंग म्हणाले, की संस्था तिला वाऱ्यावर सोडणार नाही, डाव्या हातानं होईल असं काहीतरी काम देईल. कारकुनाला त्यांनी लिहायची खूण केली.

जाळी काढली म्हटल्यावर कधी काढली, तेही लिहावं लागणार होतं. त्याचा विचार फारसा करावा लागला नाही. जाळी खरोखरच दसऱ्याला निघाली होती. दरवर्षी हंगामाच्या आधी दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. रुळाला हळदकुंकू लागावं म्हणून जाळ्या उतरवायच्या आणि नारळ फुटला की पुन्हा बसवायच्या. यंदा एका यंत्राची जाळी बसवायची राहिली. काम सुरू झाल्यावर दोन दिवसांतच ध्यानात आलं, की त्या यंत्रावर कापूस भराभर जातो. मग जाळी भिंतीवरच्या खुंटीलाच राहिली. कारकुनानं लिहिलं: दसऱ्याच्या दिवशी पूजेच्या साफसफाईसाठी लिलाबाईनं जाळी काढली व परत बसवली नाही.

चौघांनी सह्या केल्या. पाचवी सही देवमनची हवी होती.

देवमन याच जिनिंगमध्ये गाठी उचलायचा. छप्पन साली धम्म घेतलेल्या वस्तीतला. मंडळात मागासवर्गीयांचा एक माणूस लागतो म्हणून त्याला संचालक केलं होतं. सहा वर्षं तो सभेला येत होता, दाराजवळच्या बाकावर बसत होता आणि कारकून बोट ठेवेल तिथं सही करत होता. त्याला रोजाचे चार रुपये मिळत. पाचशे रुपये त्यानं कधी एकत्र पाहिले नव्हते.

"कर लवकर," कागद पुढं करत जगदेव म्हणाले. "तुयेबी पाचशे वाचून राह्यले."

देवमननं कागद वाचायला घेतला. असं त्यानं आजवर केलं नव्हतं. ओळीखाली बोट धरून तो सावकाश वाचत गेला आणि एका शब्दापाशी थांबला.

"दसऱ्याले लिलाबाई इथं नव्हती," तो म्हणाला. "आमची सारी वस्ती नागपूरले होती, दीक्षाभूमीवर. दोन ट्रक भरून गेलो होतो. मीबी होतो."

कारकुनाचा हात दौतीवरच थांबला. दरवर्षी दसऱ्याला ती वस्ती रिकामी असते, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. कागद लिहिताना मात्र चौघांपैकी कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. आता हबीबच्या देखत दुसरा दिवस घालणं शक्य नव्हतं. किसनसिंगांनी कागद ओढून घेतला आणि फाडला.

हबीबनं पॉलिसी पिशवीत ठेवली. लिलाबाईचे कागद महिन्याभरात होतील, असं त्यानं सांगितलं. मग तो देवमनकडं वळला. त्याचा आवाज मोकळा झाला होता.

"देवमनभाऊ, तुमी त सुटले. पूजेले तुमी नव्हते. जाळी निघाली हे ज्याले मालूमच नव्हतं, त्याले कोर्ट सोडू शकते. तेवढंच सांगा. वकीलबी नाई लागनार."

चौघेही देवमनकडं पाहू लागले. देवमन बाकाकडं गेला नाही. त्यानं भिंतीजवळची रिकामी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच टेबलाशी येऊन बसला.

"दसऱ्याले नव्हतो," तो म्हणाला. "पन दुसऱ्या दिवशी आलो, तवा जाळी खुटीले होती. महिनाभर त्या जाळीलेच भाकरीचं फडकं टांगत होतो मी."