रमिलाचं उत्तर

"आणि हे माया लोक नष्ट कसे झाले?" मेक्सिकोच्या रानातल्या पडक्या देवळापाशी देवरे सरांनी विचारलं. तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. उत्तर पाठ होतं, फक्त गाइडची परीक्षा घ्यायची होती.

गाइड खो खो हसला. "नष्ट? मी मायाच आहे की! चला, आई जेवायची थांबलीय."

झाडावरच्या हाउलर माकडांच्या वाघासारख्या डरकाळ्या ऐकत ते त्याच्या गावात पोचले. तीन दगडांच्या चुलीवरून म्हातारीनं मक्याची भाकरी उतरवली आणि सरांच्या हातावर ठेवली. पहिल्याच घासाला सरांना एक जुना पेपर आठवला.

वीस वर्षांपूर्वी सातवीतल्या, आदिवासी पाड्यावरच्या रमिला पावरानं याच प्रश्नाला लिहिलं होतं, 'नष्ट कशाला होतील? असतील तिथंच रानात, आमच्यासारखे.' सरांनी शून्य दिलं, वर ते उत्तर वर्गात वाचून पोरांना हसवलं.

रमिला आता त्याच शाळेत शिकवत होती. सरांनी चुलीपाशी बसूनच तिला मेसेज टाकला, 'पोरी, तू बरोबर होतीस. मी गाढव होतो. ते आहेत. नष्ट कसे झालात विचारलं, तरी मला जेवू घालतायत.'

दुसरी भाकरी हातावर पडेपर्यंत उत्तर आलं.

'मार्क राहू द्या, सर. पोटभर जेवा. त्या आईला आमचा जोहार सांगा.'