खाली नाव टाका

चिकलठाण्याच्या कामगार वस्तीत सूर्यभाननं फळा टांगला आणि वर एकच नियम लिहिला : काहीही लिहा, पण खाली नाव टाका.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बाजूनं, विरुद्ध, मधेच शेर आणि टोमणे. बघता बघता फळा भरून गेला. सूर्यभान लई खुशीत होता.

एका सकाळी तळाशी निनावी ओळ दिसली : 'मला नाव नाय. कुणाचं घेऊ?'

गर्दी खिदळली. "मोकळा फळा हाय, घेऊ दे की," शेजारचा चांदपाशा म्हणाला.

सूर्यभाननं हौसेनं लिहिलं : 'घे कुणाचंबी.' मग नाव टाकायला खडू टेकवला, आणि स्वतःचं नावच आठवेना.

"टाक की नाव," चांदपाशा म्हणाला. "कायतरी होतं ना तुझं."

निनावी ओळीखाली आता ओल्या अक्षरांत लिहिलेलं होतं : सूर्यभान.

"हा कोण रे?" फळा टांगणाऱ्यानं विचारलं.