उतारावरची टिकटिक

जपानमधल्या तोकाचीच्या डोंगरात रात्रभर वाऱ्याने उतारावर ताजा बर्फ रचला होता. सकाळी झाडीच्या कडेला चिझुरुने बर्फात गाडलेल्यांचा माग काढणारं यंत्र तपासण्यासाठी सुरू केलं, तर समोरच्या उतारावरून, कुणाच्या तरी अंगावर तसंच यंत्र असावं तशी, त्यात टिकटिक आली.

"वहिनी, कुणीतरी गाडलं गेलंय!" तिचा दीर गेन्या निघालाच.

तिने त्याची पाठपिशवी धरली. "बर्फावर एक तरी पाऊल दिसतंय का?"

मागच्या हिवाळ्यात अशाच टिकटिकीमागे तिचा नवरा या उतारावर धावला आणि बर्फाच्या लोंढ्यात गेला. त्याच्याखेरीज तिथे कुणीच सापडलं नव्हतं.

"एकाला नेलंस," ती उतारावर ओरडली. "हा मिळणार नाही. हिंमत असेल तर तूच ये!"

दोघंही जागचे हलले नव्हते. यंत्रावर दिसणारं टिकटिकीपर्यंतचं अंतर मात्र कमी होऊ लागलं.