ओली फरशी

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरच्या फरशीवर रोजच्यासारखीच नुकत्याच फिरवलेल्या फडक्याची पातळ ओल होती. पोहायला शिकवणाऱ्या सरांच्या हृदयाची आखडलेली झडप मांडीतून नळी घालून बदलली नाही, तर ते वर्षभरही तगणार नव्हते. पण शरीर ते सोसेल का, हे चालण्याच्या वेगावरून ठरणार होतं. दोनदा ते गोगलगायीसारखे चालले, दोनदा त्यांच्या डॉक्टर शिष्येने निर्णय लांबवला. आजही ते भिंत धरूनच निघाले. "दम लागतोय, सर?" "दमाचं सोड, बेडके. फरशी ओली आहे." तिच्या नाकात क्लोरीनचा वास शिरला. लहानपणीचा तलाव, सरांची शिट्टी आणि नियम: ओल्या फरशीवर पळेल तो आठवडाभर कोरडा बसेल. पंखा लावून, फरशी वाळेपर्यंत ती सरांशेजारी बसली. मग सर भिंत सोडून झपाझप चालले, टोकाला धापा टाकत म्हणाले, "वेळ सांग." तिने स्टॉपवॉच दाखवलं. "सर, झडप बदलूया."