आईच्या बोटांतला पासवर्ड

जुनी सिस्टिम पुसून मृदुलाने नवी टाकली आणि आईने गायलेल्या गाण्यांच्या कुलूपबंद फाइलचा तिथे जतन केलेला पासवर्डही पुसला गेला. तो ठेवणारी आई हल्ली मृदुलाचं नावसुद्धा विसरायची.

वैतागून तिने कीबोर्डच आईच्या मांडीवर ठेवला. टायपिंग क्लासात शिकवण्यात हयात घालवलेली आई एकदम ताठ बसली. "बोटांकडे बघायचं नाही!" असं दटावत तिने सवयीची ओळ झरझर उमटवली.

पासवर्ड चुकीचा. पुन्हा चुकीचा.

मृदुला चमकली. नव्या सिस्टिममध्ये मराठी अक्षरांच्या जागाच वेगळ्या होत्या! तिने घाईघाईने टाइपरायटरची मांडणी लावली. आईची बोटं पुन्हा सरसरली, फाइल उघडली, गाणं खोलीभर झालं.

'पासवर्ड जतन करायचा?' स्क्रीनने विचारलं. मृदुलाने लगेच 'हो' दाबलं.

"किती गोड गाते गं," आई म्हणाली. "कोण ही?"