इथं चर्चचं कोण आहे?

“इथं चर्चचं कोण आहे?” पोस्टमननं दारातूनच विचारलं.

आत साठ माणसं बसली होती. प्रभू स्वर्गात गेला त्या दिवसाची उपासना चालू होती. समोर उभे राहून निवृत्त शाळामास्तर प्रवचन वाचत होते. चर्चचे पाळकसाहेब वारून एकोणीस दिवस झाले होते आणि नव्यांची नेमणूक व्हायची होती. मास्तर नुकतंच सांगत होते, की प्रभू वर गेला तरी त्याचं शरीर पृथ्वीवरच आहे, आणि ते शरीर म्हणजे आपण, ही मंडळी. पोस्टमनचा प्रश्न ऐकून सगळ्यांनी माना वळवल्या. हात कुणी वर केला नाही.

शेवटी चिटणीस उठले. काहीही सांगा, ते ‘नोंदवून घेतो’ म्हणत, म्हणून पाठीमागं त्यांना सगळे नोंदवही म्हणायचे.

“काय काम होतं?”

“मागच्या गल्लीतला म्हातारा सुतार. पत्र द्यायला गेलो, तर दार नुसतं लोटलेलं.” पोस्टमननं रुमालानं तोंड पुसलं. “तीन-चार दिवस झाले असतील मरून. पोलिसांना कळवलंय. पलंगाजवळ भिंतीला ही चिठ्ठी होती, म्हणून इकडं आलो.”

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘रोज अकराला येईन. घाबरू नका.’ अक्षर पाळकसाहेबांचं होतं. खाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं नव्हतं. नुसतं ‘चर्च’ लिहिलं होतं.

बाकांवर कुजबुज सुरू झाली. “आम्हाला वाटलं, चर्चचे पंच बघतायत त्यांच्याकडं.” पंचांना वाटलं, महिला मंडळ बघतंय. मागं कुणाला तरी हुंदका फुटला. प्रवचन पुढं वाचावं की थांबावं, मास्तरांना कळेना. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

तिसऱ्या बाकावर टेलरबाई बसली होती. पाळकसाहेबांना दवाखान्यात नेलं त्याच दिवशी ते गेले, आणि जाण्याआधी त्यांनी तिलाच जवळ बोलावलं होतं. त्यांना धाप लागत होती. एकेक शब्द तोडत त्यांनी दोन पत्ते सांगितले. एक या सुताराचा. दुसरा गिरणीपलीकडच्या इमारतीचा, चौथा मजला, उजवीकडची खोली. “बाई अंथरुणाला खिळून आहेत. पाठीला जखमा. पट्टी रोज बदलावी लागते.” तिनं मान डोलावली होती. बाहेर येऊन दोन्ही पत्ते चिटणिसांना दिले होते. ते म्हणाले, नोंदवून घेतो. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

मग अंत्यविधी झाला. मग तीन बैठका झाल्या. पाळकसाहेबांच्या स्मरणार्थ भिंतीत जी फरशी बसवायची, तिच्यावर काय कोरायचं, यावर तिन्ही खर्ची पडल्या. टेलरबाई तिन्हींना हजर होती. ‘निराधारांचा आधार’ हे शब्द तिनंच सुचवले होते आणि सगळ्यांना ते फार आवडले होते.

ती उठली. शेजारी बसलेल्या जावेनं तिचा हात धरला. “अगं, प्रार्थना चाललीय. संपू दे तरी.”

“चालू दे,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

वाटेत तिनं औषधाच्या दुकानातून कापूस, पट्ट्या आणि मलम घेतलं. गिरणी ओलांडेपर्यंत ती जवळजवळ पळतच होती. इमारतीचा तिसरा मजला चढताना वास आला. तिथं एक शेजारीण दार अर्धवट उघडून उभी होती. टेलरबाईच्या हातातल्या पट्ट्या बघून ती म्हणाली, “आत्ता उजाडलं होय तुमचं? मी पाव आणि पाणी ठेवून येते रोज. त्यापुढं नाही हो होत माझ्याच्यानं.”

चौथ्या मजल्यावरची खोली उघडीच होती. बाई भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडल्या होत्या. पूर्वी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. शरीराचं चिपाड झालं होतं, आवाज मात्र अजून खणखणीत होता.

“कोण?”

“मी... चर्चमधून आलेय.”

“पाळक नाही आले? कंटाळले ना शेवटी? यायचं नव्हतं, तर तसं सांगून तरी जायचं. एकोणीस दिवस मोजतेय मी.”

म्हणजे यांना कुणी सांगितलंच नव्हतं. टेलरबाई त्यांच्या उशाशी बसली. आपण बैठकांत शब्द जुळवत होतो, तेव्हा ही बाई इथं पडून त्या माणसाला दूषणं देत होती.

“ते कंटाळले नाहीत हो,” ती म्हणाली. “ते वारले. जाताना तुमचा पत्ता माझ्याकडंच दिला होता.”

बाईंचे खांदे तेवढे हलत राहिले. टेलरबाईनं पाणी गरम केलं. जुनी पट्टी कातडीला चिकटली होती. ती भिजवून हळूहळू सोडवताना बाई दात आवळून धरत होत्या, आणि टेलरबाईचे डोळे वाहत होते. हात भरलेले, पुसताही येईनात. जखम किती खोल गेली होती ते दिसलं, तेव्हा तिचा धीर सुटला.

“देवानं इतक्यात न्यायला नको होतं त्यांना,” ती रडत म्हणाली. “ते असते, तर तुमचे हे हाल झाले नसते.”

“ते असते,” बाई भिंतीकडं बघतच म्हणाल्या, “तर तू आली असतीस?”